लाकडाला माणसं लागतात

मॉरिस मायनर ट्रॅव्हलर समोरून पाहिली तर ती साधी मॉरिस मायनर वाटते. गोलसर नाक, दोन्ही बाजूंची फुगीर मडगार्डं, त्यांत बसवलेले दिवे. एके काळी आपल्याकडच्या डॉक्टर-वकिलांच्या दारात उभी असायची तीच गाडी. मग तिच्या बाजूने मागे चालत जावं. पुढचं दार संपतं आणि तिथे पत्राही संपतो. पुढे लाकूड सुरू होतं. मधाच्या रंगाचे उभे-आडवे दांडे, त्यांच्या चौकटीत बसवलेले ॲल्युमिनियमचे पत्रे, मागच्या चाकावरून कमान करून गेलेला एक रुंद तुकडा, आणि अगदी मागे दोन बाजूंना उघडणारी, लाकडाच्याच चौकटीची दोन दारं. पुढचा भाग प्रेसखालून निघाला आहे, मागचा सुताराच्या हाताखालून. दोन्ही एकाच गाडीत आहेत आणि त्यांचा जोड कुठेही झाकलेला नाही.

या गाडीत मला सर्वांत आधी आवडतो तो हा उघडा जोड. तिच्या पुढच्या भागातही तसाच एक जोड आहे, फक्त तो सहज लक्षात येत नाही. ॲलेक इसिगोनिस या रचनाकाराने मायनरचा नमुना तयार केला तेव्हा ती त्याला अरुंद वाटू लागली. त्याने नमुन्याची गाडी उभी मधोमध कापायला लावली, दोन्ही अर्धे एकमेकांपासून दूर सरकवून पाहिले आणि चार इंचांच्या अंतरावर थांबला. ती चार इंचांची वाढ बॉनेटच्या मधल्या सपाट पट्ट्यात कायमची राहिली. १९४८च्या ऑक्टोबरात लंडनच्या अर्ल्स कोर्ट प्रदर्शनात गाडी आली ती हा पट्टा घेऊनच. पाच वर्षांनी, १९५३ साली, तिची लाकडी पाठीची बहीण ट्रॅव्हलर आली आणि १९७१पर्यंत बनत राहिली. दोन लाखांहून अधिक ट्रॅव्हलर रस्त्यावर उतरल्या. आपल्याकडे हिंदुस्थान मोटर्सने याच मायनरवरून ‘बेबी हिंदुस्थान’ काढली होती, म्हणून तो चेहरा आपल्याला परका वाटत नाही. पाठ मात्र आपण फारशी पाहिलेली नाही. हे रसग्रहण त्या पाठीचं आहे, आणि त्या पाठीमुळे एकत्र आलेल्या माणसांचं.

मी हे मुर्रीत बसून लिहितो आहे. गोंदिया शहराला लागून असलेलं हे गाव, भोवती धानाच्या बांध्या, आणि सगळा मुलूख झाडीपट्टीचा. इंग्लंडातल्या एका लाकडी मोटारीशी या मुलखाचा काय संबंध, असं कुणी विचारलं तर मी त्याला आधी बैलगाडीकडे घेऊन जाईन. खाचर असो की रेंगी, जुन्या सुताराने ती एका लाकडाची कधीच केली नाही. कण्याला धावडा, कारण तो चिवट. ओझ्याखाली तो वाकेल पण सहसा मोडणार नाही. इंग्रज वनाधिकाऱ्यांनी या झाडाला जे व्यापारी नाव दिलं त्यातही कणाच आहे. चाकाला बाभूळ किंवा तिवस. दार-खिडकीला आणि पेटीला सागवान, कारण त्याच्यात तेल असतं, वाळवी त्याला सहसा लागत नाही आणि पावसाळ्यात ते फुगून बसत नाही. कोणतं लाकूड कुठे, हे ज्ञान झाडाच्या स्वभावाचं आहे. ते वहीत नसतं, हातात असतं.

इंग्लंडच्या चाकसुतारांचंही अगदी असंच होतं. तुंब्याला एल्म, कारण त्याचे धागे एकमेकांत गुंतलेले असतात आणि आरे ठोकताना तो फाटत नाही. आऱ्यांना ओक, कारण भार उभा झेलायचा. आणि चाकाच्या बाहेरच्या घेराला, जिथे प्रत्येक दगडाचा धक्का आधी पोचतो तिथे, ॲश. ॲश हलकं असतं, लवचीक असतं, धक्का पिऊन पुन्हा सरळ होतं. कुदळी-फावड्यांचे दांडे तिकडे ॲशचे करतात ते याच गुणामुळे. ट्रॅव्हलरचा सगळा लाकडी सांगाडा ॲशचा आहे. बैलगाडी-घोडागाडीच्या चाकावर शेकडो वर्षं धक्के खाल्लेलं लाकूड चाकावरून उचललं आणि गाडीच्या अंगात बसवलं, असं त्या सांगाड्याकडे पाहावं. म्हणजे मग त्यातली जुनी शहाणीव दिसू लागते.

कारण हे लाकूड शोभेचं नाही. ट्रॅव्हलरचा मागचा भाग त्या दांड्यांवर उभा आहे. छत त्यांनी तोललं आहे, खिडक्या त्यांनी धरल्या आहेत, मागच्या दारांची बिजागरं त्यांत रुतलेली आहेत. ॲल्युमिनियमचे पत्रे फक्त मधली जागा भरतात. जुन्या इंग्रजी घरांच्या भिंतींत काळे लाकडी वासे बाहेरून दिसतात आणि त्यांच्यामध्ये चुन्याचा गिलावा असतो. तीच बांधणी इथे चाकांवर आली आहे. ब्रिटनमधल्या वाहन-तपासणीत म्हणूनच ट्रॅव्हलरचं लाकूड सांगाड्याचा भाग म्हणून पाहिलं गेलं. कुजलेल्या दांड्याची गाडी रस्त्यावर चालवायला नालायक ठरते, मग तिचं इंजिन कितीही गोड चालत असो.

चाकावरची कमान मला या सगळ्यात विशेष वाटते. झाड सरळ वाढतं, चाक गोल असतं. सरळ फळीतून वक्र तुकडा कापला की त्याच्या टोकांकडे धागे आडवे तुटतात, आणि तुटलेल्या धाग्यांच्या ठिकाणी लाकूड कमजोर होतं. म्हणून कमान अखंड फळीतून न कापता तुकडे एकमेकांत गुंतवून करतात, प्रत्येक तुकड्याचे धागे होईल तितके वळणाबरोबर राहतील अशा बेताने. जवळ जाऊन पाहिलं तर जोडाच्या रेषा दिसतात. वॉर्निशखाली त्या लपत नाहीत आणि लपवण्याचा कुणी प्रयत्नही केलेला नाही. ज्याला लाकूड वाचता येतं त्याला तिथे सुताराचा विचार वाचता येतो: इथे त्याला भार दिसला, इथे त्याने धागा वळवला, इथे त्याने तुकडा बदलला. पत्र्याच्या गाडीत असा विचार असतोच, पण तो साच्यात राहतो; गाडीवर उरत नाही.

आता त्या गाडीचं दुःख. सरकत्या खिडक्यांच्या खाली जी खाच असते तिच्यात पावसाचं पाणी साठतं. इंग्लंडसारख्या ओल्या देशात तिथे हिरवं शेवाळ उगवतं. ट्रॅव्हलरच्या मालकांना हे शेवाळ इतकं ओळखीचं आहे की गाडी पाहायला गेलेला जाणकार आधी तिथेच बोट फिरवतो. ॲशचा मोठा दोष हा की ते चिवट असलं तरी ओल सोसत नाही. सागवानासारखं तेल त्याच्यात नाही. वॉर्निशला केसाएवढी भेग पडली की पाणी आत शिरतं, बाहेर येऊ शकत नाही, आणि मधाच्या रंगाखाली काळपट डाग पसरू लागतो. खालचा आडवा दांडा सर्वांत आधी जातो, कारण वरचं सगळं पाणी शेवटी त्याच्याकडे येतं. म्हणजे ही गाडी कोणत्या दिशेने मरते हेसुद्धा तिच्या अंगावर लिहिलेलं असतं: वरून खाली, जोडांपासून मध्याकडे.

लाकडी गाड्यांचे क्लब कसे जन्मतात याचं उत्तर मला या खालच्या दांड्यात सापडतं. नोंदणीच्या कागदावर तारीख असते, कारण नसतं.

१९७१ साली शेवटची ट्रॅव्हलर कारखान्यातून निघाली. पत्र्याच्या मायनरला पुढेही कुठलाही गॅरेजवाला हात लावू शकत होता. ठोकणं, वेल्डिंग, रंग, ही कामं गावोगाव होती. ट्रॅव्हलरचं तसं नव्हतं. गॅरेजवाल्याला लाकूड कळत नाही. सुताराला लाकूड कळतं, पण हलत्या, वळत्या, धक्के खाणाऱ्या चौकटीचा हिशेब त्याच्या रोजच्या कामात नाही. टेबल एका जागी उभं राहतं, गाडीची चौकट दर खड्ड्यात पिळवटते. त्या जोडाला किती सैल आणि किती घट्ट ठेवायचं, सरस कोणता, स्क्रू पितळी की पोलादी, दांडा बदलताना छताला टेकू कुठे द्यायचा, हे ज्ञान एका धंद्याकडे नव्हतंच. ते दहा-वीस मालकांकडे तुकड्यातुकड्याने होतं. एकाने खालचा दांडा बदलला होता, दुसऱ्याने मागची दारं सरळ केली होती, तिसऱ्याचा काका जहाजांच्या गोदीत सुतार होता. अशी माणसं एकमेकांना शोधू लागली. मॉरिस मायनर ओनर्स क्लब १९७६ साली इंग्लंडच्या डर्बी शहरात सुरू झाला. तो सगळ्याच मायनरवाल्यांचा आहे, पण लाकडी पाठीच्या मालकांना त्याची गरज सर्वांत जास्त होती हे सांगायला कागद पाहावा लागत नाही. पत्र्याची गाडी एकट्याने सांभाळता येते. लाकडाची येत नाही.

तेल लावावं की वॉर्निश, हा ट्रॅव्हलरवाल्यांतला जुना वाद आहे. वॉर्निशवाले म्हणतात, लाकूड बंद करा, पाण्याला दारच ठेवू नका. तेलवाले म्हणतात, लाकूड श्वास घेतं, ते बंद केलं तर आत गेलेलं पाणी अडकतं. दर काही महिन्यांनी तेल पाजा आणि ते आपलं आपण सुकू द्या. माझा कल तेलाकडे आहे. आमच्याकडच्या जुन्या गाड्यांच्या आऱ्यांना वंगणाचा आणि तेलाचा हात फिरायचा, आणि त्या उघड्यावर पिढी काढायच्या. पण मला वादाच्या निकालापेक्षा वादाचं असणं महत्त्वाचं वाटतं. ज्या वस्तूबद्दल असं भांडता येतं तिच्याभोवतीच मंडळ टिकतं.

अमेरिकेतली लाकडी गाडी वेगळ्या रस्त्याने आली, आणि तिचा क्लबही वेगळ्या रस्त्याने. तिथे ती रेल्वे स्टेशनवरून जन्मली. स्टेशनावर उतरलेल्या पाहुण्यांना त्यांच्या ट्रंकांसकट हॉटेलात किंवा शेतावर नेण्यासाठी मोटारीच्या चेसीवर लाकडी पेटी चढवायची, एवढीच सुरुवात. गोंदियासारख्या जंक्शनच्या गावाला ही गरज समजावून सांगायला नको. १९२९ साली फोर्डने मॉडेल ए चेसीवर अशी गाडी आपल्या कारखान्याच्या यादीत घेतली. फोर्डकडे मिशिगनच्या उत्तरेला स्वतःची जंगलं होती, आयर्न माउंटन इथे स्वतःची आरागिरणी होती. तिथल्या भुशा-तुकड्यांपासून कोळशाच्या वड्या निघत, आणि दुसऱ्या महायुद्धात याच कारखान्याने सैन्यासाठी चार हजारांहून अधिक लाकडी ग्लायडर विमानं बांधली. मॅपल आणि बर्चची ती शरीरं सुंदर होती आणि मागणारी होती. दरवर्षी नवा वॉर्निशचा हात द्यावा, असं विकणारेच सांगत.

मग पोलाद आलं. १९४६ची विलीज जीप वॅगन पूर्ण पोलादी होती, पण तिला बाहेरून लाकडाच्या चौकटीसारखा रंग दिला होता. १९४९च्या प्लिमथ सबर्बनने तर लाकडाचं नावच टाकलं. १९५३ची ब्युइक ही अमेरिकेतल्या खऱ्या लाकडी वॅगनपैकी शेवटची. त्याच सुमारास फोर्डच्या कंट्री स्क्वायरवर लाकडाचं चित्र आलं, प्लास्टिकच्या कागदावर छापलेलं, पोलादावर चिकटवलेलं, आणि ते १९९१पर्यंत राहिलं. रसग्रहण करणाऱ्याने इथे स्पष्ट बोलायला हवं. त्या चित्रात धागे सगळीकडे सारखेच जातात. कमानीवर वळतात तेव्हाही ते तुटत नाहीत, कारण कापणारं कुणी नव्हतं. जोड नाहीत, काळे डाग नाहीत, शेवाळ नाही. ते लाकूड कुणाकडे काही मागत नाही, म्हणून त्याच्याभोवती कुणी जमलंही नाही.

खऱ्या लाकडाच्या वॅगन मात्र पन्नाशीच्या दशकात स्वस्त झाल्या. अंग कुजत चाललेलं, दुरुस्ती महाग, शेजारी नवी पोलादी गाडी. कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावर लाटांवर फळीवरून घसरणाऱ्या पोरांनी त्या कवडीमोलाने उचलल्या, कारण आत लांबच लांब फळी मावत होती. १९६३ साली ‘सर्फ सिटी’ हे गाणं अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर गेलं आणि त्यात अशीच एक जुनी लाकडी वॅगन होती. १९७०च्या दशकात त्याच पिढीतून नॅशनल वुडी क्लब उभा राहिला. तरुणपणी ज्यांनी त्या गाड्या बेफिकिरीने हाकल्या, त्यांनीच पुढे आयुष्यभर त्यांचे दांडे-जोड बदलले. त्या क्लबाच्या जन्मकथेत हे मला फार हृद्य वाटतं.

महाराजांच्या आणि श्रीमंतांच्या लाकडी गाड्यांकडे मी थोडक्यातच पाहणार आहे. १९१० साली कलकत्त्याच्या एका इंग्रज धनिकासाठी लोवेस्टॉफ्टच्या ब्रुक कंपनीने केलेली हंसाच्या आकाराची मोटार पुढे नाभाच्या महाराजांकडे गेली आणि आता नेदरलँड्समधल्या लाउमन संग्रहालयात आहे. १९२४ची हिस्पानो-सुइझा, जिचं अंग विमान बांधणाऱ्या न्यूपोर कंपनीने लाकडाच्या पट्ट्या हजारो रिव्हेटांनी ठोकून केलं, ती २०२२ साली लिलावात नव्वद लाख डॉलरच्या वर गेली. दोन्ही थक्क करणाऱ्या आहेत. पण त्यांच्यात लाकूड कौतुकासाठी आहे. ट्रॅव्हलरमध्ये ते कुटुंबाचं सामान, कुत्रा, भाजीच्या टोपल्या आणि पाऊस यांच्यासाठी आहे. मला दुसरं मोठं वाटतं.

आपल्या महाराष्ट्रात लाकडी अंगाच्या वाहनाचं सर्वांत मोठं उदाहरण बंगल्यात नव्हतं, रस्त्यावर होतं. १ जून १९४८ रोजी अहमदनगरहून पुण्याला पहिली एसटी निघाली. चालक किसन राऊत, वाहक लक्ष्मण केवटे. त्या बसची बॉडी लाकडी होती. गोंदिया तेव्हा मध्य प्रांतात होतं. एसटीचं राज्य इथवर यायला अजून वेळ होता. पण मायनर लंडनच्या प्रदर्शनात यायच्या चारच महिने आधी, इकडे लाकडी अंगाच्या बसने एका सार्वजनिक संस्थेचा आरंभ झाला, हा योग मला लिहून ठेवावासा वाटतो. त्या काळात चेसी परदेशी, अंग देशी अशीच रीत होती. बेडफर्ड, शेवरोले, मॉरिस कमर्शियल, लेलँड अशा नाना चेसी यायच्या आणि त्यांच्यावर इथले सुतार-लोहार शरीर चढवायचे. पुढे पोलाद आलं, ते गंजतं म्हणून ॲल्युमिनियम आलं. रेल्वेतही तेच घडलं. सागवानी डब्यांच्या जागी १९५५पासून पेरांबूरच्या इंटिग्रल कोच फॅक्टरीतून पूर्ण पोलादी डबे निघू लागले.

आणखी एक गोष्ट जुन्या गाड्यांच्या रॅलीत उभं राहून ध्यानात घ्यावी लागते. मुंबईत व्हिंटेज अँड क्लासिक कार क्लब ऑफ इंडिया आणि वेस्टर्न इंडिया ऑटोमोबाइल असोसिएशनच्या मंडळींमुळे या गाड्या रस्त्यावर दिसतात. दुसरी संस्था तर १९१९ सालची. तिथे चकाकणारा पत्रा पाहून लोक परततात. पण १९३०च्या दशकाच्या मध्याआधीच्या बहुतेक गाड्यांत त्या पत्र्याच्या आत लाकडाची चौकट असते. रोल्स-रॉइस असो की साधी शेवरोले, पत्रा लाकडावर ठोकलेला. जनरल मोटर्सने अखंड पोलादी छत १९३५च्या गाड्यांना दिलं. त्याआधी छताच्या मधोमध लाकडी पट्ट्यांवर ताणलेलं कापड असे. म्हणजे जुन्या गाड्यांचा जवळजवळ प्रत्येक जतनकर्ता नकळत लाकडाचा जतनकर्ता असतो. दार खाली झुकलं तर बिजागर बदलून भागत नाही. आतला खांब कुजला आहे का ते पाहावं लागतं. इकडे ॲश मिळत नाही, म्हणून सागवान घालतात. ते वाळवीला आणि पावसाला पुरून उरतं, पण धक्का पिण्यात ॲशएवढं समर्थ नाही, त्यामुळे जोड जाड धरावे लागतात. बल्लारपूरच्या डेपोतलं सागवान २०२३ साली अयोध्येच्या मंदिराच्या दारांसाठी गेलं हे सगळ्यांना ठाऊक आहे. मोटारीच्या दाराच्या आत बसणाऱ्या सागवानाची मिरवणूक निघत नाही, पण तेही त्याच तोलाचं काम आहे.

क्लब या शब्दाने आपल्याला शहरातला हिरवा लॉन आठवतो. आमच्या भागात लाकडी वाहनांचे शौकीन त्याहून जुन्या रीतीने जमतात. धान निघालं की शंकरपट, म्हणजे बैलांच्या शर्यती, भरतात. हलका छकडा, दोन बैल, एक धुरकरी, आणि बांधावर हजारो माणसं. कुणाच्या छकड्याचा साटा किती हलका, चाकाचा घेर किती, कणा कोणत्या लाकडाचा, यावर तिथे जी चर्चा होते ती डर्बीच्या मंडळींना लगेच समजली असती. पटाच्या गावी मंडई भरते, रात्री झाडीपट्टीचं नाटक किंवा दंडार. हे सगळं एका माणसाच्या हौसेने उभं राहत नाही. गावाची समिती लागते, शेजारच्या गावांशी तारखा जुळवाव्या लागतात. मे २०१४मध्ये सर्वोच्च न्यायालयाने शर्यतींवर बंदी घातली. डिसेंबर २०२१मध्ये अटींसह परवानगी मिळाली, आणि १८ मे २०२३ रोजी घटनापीठाने महाराष्ट्राचा कायदा मान्य केला. बैलांच्या वेदनेचा प्रश्न खरा आहे आणि अटी असायलाच हव्यात असं मला वाटतं. छकड्याच्या बाजूने सांगायचं ते एवढंच: तो बनवणारा सुतार आणि त्याचे जाणकार या मुलखात एकमेकांना ओळखतात, ते या पटामुळे.

धाव चढवण्याचं कामही तसंच. लोखंडी धाव गोवऱ्यांच्या वर्तुळाकार जाळात लाल करायची, चिमट्यांनी उचलून चाकावर बसवायची आणि लगेच पाणी ओतायचं. धाव आकसते, सगळे जोड एकदम आवळले जातात. हे एका माणसाने होत नाही. चार चिमटे लागतात, पाण्याच्या बादल्या हातोहात पोचवाव्या लागतात, आणि क्षण चुकला तर लाकूड जळतं. मालक, सुतार, लोहार, शेजारी, सगळे त्या एका क्षणाला तिथे असावे लागतात.

जुलै २०२१मध्ये केंद्र सरकारने जुन्या वाहनांसाठी वेगळी नोंदणी आणली. पन्नास वर्षांहून जुनी गाडी, मूळ रूपात ठेवलेली. चेसी, बॉडी वा इंजिन यांत मोठा फेरफार न केलेली. तिला ‘व्हीए’ अक्षरांची मालिका, नव्या नोंदणीला वीस हजार रुपये शुल्क, दहा वर्षांची मुदत. नियम चांगला आहे. पण लाकडी गाडीपाशी आला की त्याला थबकावं लागेल. ट्रॅव्हलरचा खालचा दांडा तीनदा बदललेला असेल, कमान एकदा, दारं दोनदा. मूळ काय उरलं? माझं उत्तर असं की तुकडा नवा असला तरी माप, धाग्याची दिशा आणि जोडाची जात जुनीच असेल, तर ती गाडी मूळ रूपातच आहे. आमच्याकडे आज्याची गाडी म्हणून जी दाखवतात तिचे आरे बापाच्या काळातले असतात आणि धाव कालची. ती आज्याचीच असते. उलट, अस्सल जुना दांडा आत कुजू देऊन वरून राळेने भरला, तर सगळे तुकडे मूळचे असूनही गाडी गेली. तपासणाऱ्या अधिकाऱ्याला हा फरक सांगू शकेल ते कागदपत्र नव्हे, त्या लाकडाची नोंद ठेवणारं मंडळ: कोणत्या साली कोणता तुकडा, कोणत्या मापाने, कुणाच्या हातून.

इंग्लंडमधल्या मंडळांपुढे आता त्याहून अवघड काम आहे. पूर्व आशियातून आलेल्या एका बुरशीमुळे युरोपभर ॲशची झाडं शेंड्यापासून वाळत आहेत. ब्रिटनमध्ये हा रोग २०१२ साली पहिल्यांदा सापडला, आणि तिथली बहुतेक ॲश त्याच्या तावडीत जाईल अशी भीती आहे. रोगाने ठिसूळ झालेलं खोड सांगाड्याला चालत नाही. निरोगी असतानाच झाड हेरावं लागतं. फळी उघड्यावर सुकवायला जुन्या हिशेबाने इंचामागे एक वर्ष लागतं, म्हणजे जाड दांड्यासाठी लागणारं लाकूड आज तोडलं तरी हातात यायला दोन-तीन वर्षं. ट्रॅव्हलरचे सांगाडे नव्याने करणाऱ्या छोट्या कार्यशाळा आहेत, आणि त्यांना लागणारं ॲश याच जंगलांतून यायचं आहे. पुढच्या वीस वर्षांच्या कमानी आणि खालच्या दांड्यांसाठी किती फळ्या आत्ताच रचून ठेवायच्या, आणि त्यांचा खर्च कुणी उचलायचा, हे मोटारीच्या मालकांना आता वनपालांबरोबर बसून ठरवावं लागेल.